एक पाऊल लांब, एक आखूड

या, बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय दगा देतो. इकडं बाकावर बसा. आज गोष्ट पायांचीच आहे, फक्त लोखंडाच्या. यात खून नाही, दरोडा नाही, तरी एका म्हाताऱ्या माणसाचं सगळं पणाला लागलं होतं. मी शाळेत फार टिकलो नाही, त्यामुळं सजवून सांगता येत नाही मला. पण शब्द देतो, वहिनींना जे जे दिसलं ते ते तुम्हालाही दाखवीन, काही मागं ठेवणार नाही. उत्तर आधी सापडलं तर गालात हसा, मला तोडू नका.

आता वहिनी कोण, ते ऐका. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथं राहतात. लोकांची अडलेली कोडी सोडवायची, हा त्यांचा धंदा. सोबतीला दीर. जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेला, दारातून वाकून आत यावं लागणारा माणूस. तो त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून सगळी गल्ली वहिनी म्हणते. त्या त्याला भावजी म्हणतात, म्हणून तो जगाचा भावजी.

त्या सकाळी दोघं मटार सोलत बसले होते. वहिनींचं भांडं भरत आलं होतं. भावजींच्या भांड्याचा तळ दिसत होता.

"भावजी, एक भांड्यात, दोन तोंडात, असा हिशेब दिसतोय तुमचा."

"चव बघतोय, वहिनी. कोवळे आहेत का ते बघायला नको?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक मुलगी आत आली. पंचविशीची, ठेंगणी, थंडीनं हात काखेत धरलेले.

"बस गं," वहिनी म्हणाल्या. "एवढ्या गारठ्यात स्वेटर नाही घातलास?"

"तीन दिवस सापडत नाहीये. कुठं विसरले कोण जाणे." मग तिनं एकदम सांगून टाकलं. "माझे मामा म्हणतात त्यांनी गुन्हा केलाय. त्यांनी केलेला नाही. मला तुम्ही ते सिद्ध करून द्या."

भावजींनी मटार तोंडाशीच धरला. "लोक उलटं सांगायला येतात, पोरी. माझ्या माणसानं कबूल केलं नाही, पण केलंय त्यानंच, असं."

मुलगी गावाबाहेरच्या चालत्या यंत्रांच्या संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती सांगायची. ते उभं केलं तिच्या आईनं. आई इंजिनिअर होती, आता नाही. चाकं नाहीत, पाय असलेली यंत्रं तिथं ठेवलीत. मधोमध आईनं स्वतः बनवलेलं मोठं चौपायी यंत्र, हत्तीएवढं. आत एक माणूस बसतो. त्याच्या हातांनी पुढचे पाय चालतात, पायांनी मागचे. आई गेल्यापासून ते बंद होतं. तिथल्या मिस्त्रींनी महिनाभर खपून आता चालू केलं. येत्या रविवारी मामा ते चालवणार होते.

"मामाच का?" वहिनींनी विचारलं.

"दुसऱ्या कुणी कधी चालवलंच नाही. मामांचा डावा पाय जन्मापासून आखूड आहे. आईनं यंत्र त्यांच्यासाठीच केलं. काल सुट्टी होती. आज सकाळी सगळ्यांच्या आधी मी पोचले, तर यंत्र शेडच्या बाहेर. मागच्या अंगणात नवीन माती टाकलीय, ती तुडवत गेलेलं, आणि पुढचा एक गुडघा मोडलेला. नशीब, पोटाखाली लाकडी ठोकळे होते, माझी नडगी आपटली त्यावर. नाहीतर सगळा भार मोडक्या गुडघ्यावर आला असता आणि कणाच गेला असता त्याचा."

"मग मामा?"

"मी ओरडले तसे मागच्या खोलीतून आले आणि म्हणाले, मी केलं. आणि वहिनी, ठसे बघाल तर यंत्र लंगडत गेलंय. एक पाऊल लांब, एक आखूड. व्यवस्थापक साहेब म्हणाले, आता काय शंका उरली? चार वाजता विश्वस्त येतायत. मामांना यंत्रापासून कायमचं लांब करणार आणि यंत्राचे पाय वेल्ड करून चौथऱ्यावर पुतळ्यासारखं उभं करणार. मामा आयुष्यात नीट चालले असतील तर त्याच्यात बसूनच. ते गेलं तर..."

वहिनी उठल्या. "भावजी, राहिलेले मटार खिशात घ्या. वाटेत चव बघा."

संग्रहालय म्हणजे जुन्या कारखान्याची लांबलचक शेड. शेजारी लाकडाची वखार. करवत अशी किंचाळत होती की बोलायचं तर कानाशी जावं लागावं.

"ही सुट्टीच्या दिवशीपण चालते?" वहिनींनी विचारलं.

"रोज, अंधार पडेपर्यंत," भाची म्हणाली.

आत शिरल्यावर तिनं सवयीनं माहिती सांगायला सुरुवात केली. चाकाला रस्ता लागतो, पायाला पाऊल टेकवण्यापुरती जागा पुरते, म्हणून माणसाला पायांची यंत्रं करायचा नाद फार जुना. वाफेच्या काळात कुणी पेडलवर चालणाऱ्या लोखंडी घोड्याची चित्रं काढली. एका गणितज्ञानं नुसते दांडे जोडून असा पाय केला की तो जमिनीवर सरळ रेषेत सरकावा. खाणीत घराहून मोठी खोदयंत्रं असतात, चाकांवर ती चिखलात रुततील, म्हणून दोन प्रचंड बूट टाकत चालतात. पुढं माणसाच्याच हातापायांनी चालणारा चौपायी ट्रक निघाला, पण चालवणारा थोड्याच वेळात घामाघूम व्हायचा.

"का?" भावजींनी विचारलं.

"चार पायांचा विचार एका डोक्यानं करायचा, म्हणून. आता ते काम संगणक करतो. आईचं यंत्र त्याच्या आधलं."

भिंतीवर एक मोठा फोटो होता. ओल्या वाळूत ते यंत्र, वर मामांचं डोकं, बाजूला हसणारी आई. वहिनी नाक काचेला लागेपर्यंत जवळ गेल्या.

"काय बघताय एवढं? यंत्र तर हे इथं बाहेर उभंय," भावजी म्हणाले.

"यंत्र नाही बघत. वाळू बघतेय. कशी शिवणीच्या टाक्यांसारखी पावलं पडलीत, एकसारखी."

अंगणात व्यवस्थापक उभे होते. सुटाबुटातला लांब माणूस, कंबरेला रुंद पट्टा. पट्ट्यामुळं वाकता येत नव्हतं, म्हणून खाली पडलेला रुमाल त्यांनी भावजींकडून उचलून घेतला.

"मणक्याचं दुखणं आहे," ते म्हणाले. "हे बघा बाई, मला त्या म्हाताऱ्याबद्दल राग नाही. पण रविवारी इथं शाळेची मुलं येणार. हा माणूस विचारल्याशिवाय यंत्र बाहेर काढतो, मोडतो. उद्या कुणावर पाय पडला तर?"

"तुम्ही कधी चालवून बघितलंत?"

"मी? मला लिफ्टमध्येसुद्धा गरगरतं."

वहिनी ठशांच्या कडेकडेनं चालल्या. "भावजी, लांब ढांग कुठल्या पायाची?"

"डाव्या. उजवी आखूड. एखाद्या लंगड्या हत्तीसारखं. वहिनी, राग मानू नका, पण काम सोपं आहे. लंगडे ठसे, लंगडा माणूस. चला घरी, मटार राहिलेत."

"मटार तुमच्या खिशात आहेत. आधी वर चढून बसा."

भावजी कुरकुरत वर चढले. बसले. हात पुढच्या दांड्यांवर, पाय पेडलवर.

"सीट मागं सारावी लागली का?"

"छे, अगदी मापाची आहे. गुडघेसुद्धा आपटत नाहीत. माझ्या स्वतःच्या ट्रकमध्ये आपटायचे." त्यांनी पेडल दाबून बघितले. "डावा जरा जड जातोय. का माझाच पाय आखडलाय?"

वहिनींनी सीटखाली टॉर्च मारला. दोन पेडलचे दोन उभे दांडे, दोन्हींना भोकांची ओळ. डाव्या दांड्याची पिन वरच्या भोकात, उजव्याची खालच्या. दोन्ही पिनांवर जुना हिरवा रंग, कुठंही न खरवडलेला.

मिस्त्री यंत्राच्या पोटाशी बसले होते. उंच, हाडकुळा, पन्नाशीचा माणूस. डोळे लाल.

"हे ठोकळे कुठं असतात?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या स्टोअरमध्ये." ते थोडे घुटमळले. "म्हणजे, परवा बाहेरच राहिले असतील."

"जड आहेत?"

"एकेक उचलायचा तर दम निघतो."

"यंत्राचं काय काय काम केलंत?"

"चारी पायांची ऑइल सील बदलली. पाय तेलाच्या दाबावर हलतात, आणि ते तेल गळायचं. बाकी कशाला हात लावला नाही. ताईंनी केलेलं काम, त्यात मी काय नाक खुपसणार?" मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, पावलं अशी वाकडी का पडली असतील? तुम्हाला काय वाटतं?"

"सगळे म्हणतात मामांचा पाय."

"हो. म्हणतात खरं," मिस्त्री म्हणाले आणि परत गुडघ्याकडं बघत राहिले.

मामांची खोली शेडच्या मागं. एक पलंग, एक ट्रंक, खिडकीत कुंडी. मामा छोट्या चणीचे, हसरे, पण आज हसू जुळत नव्हतं. उठून खुर्ची पुढं करताना डावीकडं झुकले, डावं पाऊल तोकडं पडलं.

"मामा, यंत्र तुम्ही नेलंत?"

"नेलं. मन आवरलं नाही."

"गुडघा मोडल्यावर काय केलंत?"

"काय करणार? उतरलो, आलो खोलीत, झोपलो."

"बस? आणखी काही नाही?"

"आणखी काय असतं?"

वहिनींची नजर ट्रंकेवर गेली. झाकणातून निळ्या लोकरीची बाही बाहेर आली होती, तिला तेलाचा डाग. वहिनींनी ती बोटानं आत ढकलली आणि झाकण नीट लावलं. मामांचा चेहरा पांढरा पडला.

"यंत्रात बसून चालताना कसं वाटतं, मामा?"

मामांनी खिडकीतल्या कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. "आतून मला माझाच पाय जाणवतो, तसाच तोकडा. बाहेरून कसं दिसतं ते मी कधी बघितलं नाही. पुढं बघून चालवावं लागतं. बाहेर ताई असायची. मी विचारायचो, कसं गेलं गं? ती म्हणायची, झकास. मोठी बहीण, ती दुसरं काय म्हणणार? फोटोकडं मी बघतच नाही. माझं नुसतं टकुरं दिसतं त्यात."

चार वाजता विश्वस्त आले, तिघं. अध्यक्ष म्हणजे एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, काठी टेकत आलेल्या. सगळे अंगणात यंत्राभोवती उभे राहिले.

"माझ्याकडं सांगायला थोडंच आहे," वहिनी म्हणाल्या. "आधी दाखवते. मिस्त्री, मोडलेल्या पायाचं तेल बंद करून पंप चालू करता येईल? पोट ठोकळ्यांवर आहे. मागचे पाय जॅक लावून जरा अधांतरी धरा."

मिस्त्रींनी तसं केलं. पंप घुमायला लागला.

"भावजी, बसा वर. घरी जिना चढता तसे पाय मारा. दोन्ही सारखे."

भावजींनी पाय मारले. मागचा डावा लोखंडी पाय हवेत लांबवर गेला. उजवा अर्ध्यातच थांबला. डावा लांब, उजवा आखूड. पुन्हा तेच. खाली मातीत जे उमटलं होतं तेच हवेत चाललं होतं.

"मी नीटच मारतोय," भावजी वरून म्हणाले. "माझे पाय धडधाकट आहेत, वहिनी. तुम्हीच साक्षीला आहात."

"म्हणून तर तुम्हाला बसवलं. उतरा. मामा, आता तुम्ही."

मामा चढले. सीट ओढून खूप पुढं घ्यावी लागली, तेव्हा कुठं पाय पोचले. त्यांनी पाय मारले. डावा लोखंडी पाय गेला, उजवा गेला. दोन्ही सारखे. शिवणीच्या टाक्यांसारखे.

व्यवस्थापकांनी पट्ट्यावर हात ठेवला आणि तो तिथंच विसरले.

"सीटखाली पेडलचे दांडे आहेत," वहिनी म्हणाल्या. "डावी पिन एका भोकात, उजवी दुसऱ्या. डाव्या पायानं थोडंच ढकललं तरी यंत्राचा डावा पाय पूर्ण ढांग टाकतो. पिनांवरचा जुना रंग तसाच आहे, म्हणजे ते कालपरवाचं नाही, बनवतानाच केलंय. हिच्या आईनं यंत्र भावाच्या पायावर बेतलं. मामा बसले की ते सरळ चालतं. धडधाकट माणूस बसला की लंगडतं. फोटोतली वाळू हेच सांगते, पण बघणारा यंत्राकडं बघतो, जमिनीकडं कोण बघतंय? मामांच्या पायाचा दोष उतरला असता तर डावी ढांग आखूड पडायला हवी होती. इथं डावी लांब आहे."

"मग मामा कबूल का झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"करवतीच्या आवाजात यंत्र चाललेलं त्यांना ऐकूच आलं नाही. काल अंधार पडता पडता त्यांनी ते बाहेर बघितलं. वर चढले, तर सीटच्या मागं पडलेला भाचीचा स्वेटर. ती धूळ पुसताना तिथं विसरली होती. त्यांना वाटलं, हिनंच नेलं, आईच्या आठवणीनं. स्वेटर लपवला आणि सकाळी स्वतः पुढं झाले."

"मामा," भाची म्हणाली, "तुम्हाला मी असली वाटले?"

"अगं, तुझी आई लहानपणी याहून भारी उद्योग करायची," मामा वरूनच म्हणाले. "मला वाटलं, रक्तात आलं असेल."

"मग नेलं कुणी?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"सीट पार मागं होती. भावजींच्या मापाचा माणूस. मामा आणि भाची दोघं ठेंगणी. उरलात तुम्ही आणि मिस्त्री. गुडघा मोडल्यावर त्या माणसानं पळ काढला नाही, आधी ठोकळे आणून पोटाखाली दिले. भाची सकाळी पहिली आली तेव्हा ते होतेच. मामांना तर त्यांचा पत्ताही नव्हता, मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, उतरलो आणि झोपलो. साहेब, तुम्हाला रुमाल उचलता येत नाही, ठोकळे काय उचलणार? आणि ज्याला यंत्राचं भलं वाटतं तोच पळायच्या आधी टेकू देतो." वहिनी मिस्त्रींकडं वळल्या. आवाज खाली आला. "ठसे वाकडे का, हे आपल्याला ठाऊकच आहे असं इथं सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही एकट्यानं मला विचारलंत. कारण त्या सीटवर मामा नव्हते, हे फक्त तुम्हाला माहीत होतं."

मिस्त्रींनी पंप बंद केला. नेमकी तेव्हाच करवतही ओंडका बदलायला थांबली, आणि अंगण एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं.

"सील मी बदलली होती," ते म्हणाले. "त्यातलं एखादं सुटलं तर वर बसलेला माणूस खाली येणार. रविवारी मामा बसणार. म्हटलं, आधी मी बसून बघतो, पडलो तर मी पडेन. दुपारी नेलं. चार पावलांत लंगडायला लागलं. सावरायला गेलो तर गुडघा खड्ड्यात अडकला. मला वाटलं, ताईंचं यंत्र माझ्या हातून बिघडलं. एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं मी महिन्यात नासवलं. सकाळी सांगणार होतो. पण मामांनी आधीच कबूल केलं, आणि माझी जीभच चिकटली. लाज वाटली हो. मामा, माफ करा."

मामा उतरले. डावीकडं झुकत, तोकडं पाऊल टाकत मिस्त्रींपाशी गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात जेमतेम पोचला.

"माझ्याआधी तू बसलास," ते म्हणाले. "माझ्यासाठी असं दुसऱ्यांदा कुणीतरी केलं."

मग ते परत वर चढले, सीटखाली वाकले आणि ती हिरवी पिन अंगठ्यानं चाचपत राहिले.

"लहानपणी सगळे मला सरळ करायला बसले होते. पट्ट्या बांधल्या, बूट केले, मालिश करणारे आणले. मला वाटायचं, ताईनंपण तेच केलंय, यंत्रात बसवून मला सरळ केलंय. तसं नव्हतं. तिनं मला तसंच ठेवलं. यंत्रच वाकडं केलं."

डॉक्टरीणबाईंनी काठी मातीत रोवली. "व्यवस्थापक, वेल्डिंगवाल्याला कळवा, येऊ नको म्हणावं. मिस्त्री, गुडघा कधी होईल?"

"रविवारी नाही. पुढच्या."

"मग मुलं पुढच्या रविवारी येतील. आणि इथून पुढं काही बिघडलं तर पहिल्या तासात सांगायचं, समजलं?"

"आणि त्या पिना?" मिस्त्रींनी विचारलं. "सारख्या करायच्या?"

चारपाच जण एकदम नाही म्हणाले. त्यात व्यवस्थापकांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

घरी जाताना भावजी म्हणाले, "वहिनी, मी म्हटलं होतं ना, काम सोपं आहे."

"म्हटलं होतंत. मटार द्या इकडं."

खिशात नुसती सालं निघाली.

आता ते यंत्र दर रविवारी चालतं. मागच्या अंगणात मिस्त्री दंताळ्यानं माती सारखी करून ठेवतात. मामा वर बसतात, पोरं ओरडतात, यंत्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातं. मग मामा उतरतात, वळतात आणि मागं आलेली पावलं बघतात. आता विचारायला ताई नाही, म्हणून स्वतःच बघतात.

तुम्ही कधीतरी जालच, गोष्ट ऐकलीत म्हणजे पाय वळतीलच. तेव्हा माझं एवढं ऐका. यंत्र थांबलं की लोक फोटो काढायला पुढं धावतात. तुम्ही धावू नका, बाकीच्यांनाही जरा हातानं अडवा. मामा उतरून मागं वळून बघेपर्यंत त्या मातीवर कुणाचा पाय पडू देऊ नका.